पान पलटू का, मॅडम?

या वेळच्या पत्रांत सहावी, सातवी, आठवीच्या वर्गांबद्दलची पत्रं खूप होती. दोन शिक्षकांची, एका आईचं, आणि एक तर आठवीतल्या मुलीनं स्वतः लिहिलेलं. ही चार निवडलीयत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण त्यातलं एक वाक्य वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले, माझ्या स्वतःच्या वर्गात ते मी कितीदा ऐकलंय.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी कोल्हापुरात एका अनुदानित शाळेत सातवीला गणित आणि भूगोल शिकवते, नोकरीचं दुसरं वर्ष आहे. वर्गात ५४ मुलं, एका बाकावर तिघं. डी.एड.ला ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलं स्वतः करून बघत शिकतात, वगैरे सगळं शिकलो होतो, मनापासून पटलंही होतं, म्हणून जूनमध्येच पोरांना सांगितलं की ग्रुप करा आणि पंचगंगेच्या पुरावर प्रोजेक्ट करा, तुम्हाला हवं तसं करा. दोन तासांत वर्गाचा बाजार झाला. दोघंतिघं रडली, एका मुलीला कुणीच ग्रुपमध्ये घेतलं नाही ती मागं एकटी बसून राहिली, शेजारच्या वर्गातून तक्रार आली आणि हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. तेव्हापासून मी सगळं बंद केलं. हाताची घडी तोंडावर बोट, मी फळ्यावर लिहिते, ती उतरवून घेतात. वर्ग शांत असतो, सगळे कौतुक करतात. पण आता पोरं प्रत्येक गोष्ट विचारायला लागलीयत. मॅडम समास सोडू का, मॅडम निळ्या पेननं लिहू का, आणि परवा एकानं विचारलं, मॅडम पान भरलं, पान पलटू का? मला त्या रात्री झोप लागली नाही. एक सिनियर सर म्हणतात टेबलावर छडी ठेव, वापरू नको पण दिसू दे, मग पाहिजे तेवढं मोकळं सोड. काय करू?

उत्तर : ताई, आधी छडीचं मिटवून टाकू. ठेवू नका, दिसायला पण नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला दोन्हीला बंदी आहे, आणि हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी छडीच्या धाकानं जी शांतता येते ती छडी नजरेआड झाली की संपते, आणि तुम्हाला तर हवंय की तुम्ही नजरेआड असतानाही पोरांनी काम करावं. सिनियर सरांशी वाद घालू नका, फक्त छडी आणू नका.

आता पान पलटण्याचं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझा वर्ग शाळेत सगळ्यात शांत म्हणून प्रसिद्ध होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं, आणि मला फार अभिमान वाटायचा. एकदा पावसात रस्त्यात अडकले, शाळेत पोचायला पाऊण तास उशीर झाला. वर्गात गेले तर सगळी पोरं वह्या उघडून, पेन हातात धरून बसलेली, फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित अर्धवट तसंच, आणि पाऊण तासात एकानंही ते पुढं सोडवलं नव्हतं. विचारलं का रे, तर म्हणाली तुम्ही सांगितलं नव्हतं. तेव्हा अभिमानाचं जे व्हायचं ते झालं. पुढच्या वर्षी मी तुमच्यासारखंच सगळं मोकळं सोडलं आणि दिवाळीच्या आत परत हाताची घडी तोंडावर बोट. म्हणून तुमचं पत्र मला नवीन नाही, आणि तुमचं काही चुकलंय असं मी म्हणणार नाही, जून महिन्यात जे केलंत त्याचा क्रम तेवढा चुकला.

एक काम करा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तुमच्या पेठेतल्या कुठल्याही मोकळ्या जागेत जाऊन अर्धा तास उभ्या राहा. हीच सातवीतली पोरं तिथं फुटबॉल खेळत असतात. दोन टीम पाडतात, कोण कुठं खेळणार ठरवतात, चपला ठेवून गोलपोस्ट करतात, हँड झाला की नाही यावरून भांडतात आणि दोन मिनिटात भांडण मिटवून परत खेळायला लागतात, एकही मोठा माणूस तिथं नसतो. वर्गात पान पलटू का विचारणारा तुमचा तो पोरगाही त्यात असेल, आणि तिथं तो कुणाला विचारत नसेल पास देऊ का. म्हणजे ठरवण्याची ताकद पोरात आहे. मैदानावर त्याला खेळाचे नियम पाठ आहेत, कशासाठी खेळायचं ते माहितीय, आणि चुकला तर काय होतं हेही माहितीय, म्हणून तो मोकळा असतो. वर्गात त्याला फक्त एवढंच माहितीय की चुकलं की मॅडम ओरडतात, मग तो विचारणारच.

तुमच्या त्या प्रोजेक्टकडं परत बघा. तुम्ही एका वाक्यात किती निर्णय पोरांवर टाकलेत मोजा. कुणाबरोबर बसायचं, कुठं बसायचं, पुरातलं नेमकं काय घ्यायचं, माहिती कुठून आणायची, लिहायचं कुणी, चित्र कुणी काढायचं, संपलं कधी म्हणायचं. मोठ्या माणसांच्या मिटिंगमध्ये इतकं एकदम ठरवायला दिलं तरी गोंधळ होतो, ही तर बारा वर्षांची पोरं आहेत, आणि या वयात कुणाबरोबर बसायचं हा एकच प्रश्न त्यांच्यासाठी बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा असतो. ती मागं एकटी बसलेली मुलगी पुराच्या अभ्यासात कच्ची म्हणून मागं राहिली नव्हती. त्यामुळं कुणाबरोबर हा निर्णय निदान पहिलं सत्रभर तुम्हीच घ्या. बाकावर तिघं आहेत ना, मग बाक म्हणजेच ग्रुप. अठरा बाक अठरा ग्रुप, कुणी जागचं हलायचं नाही, कुणाला कुणी नको म्हणायचा प्रश्न नाही, आणि महिन्यानं जागा बदला म्हणजे ग्रुप आपोआप बदलले.

मग बाकीच्या ज्या गोष्टी रोज त्याच असतात त्या पक्क्या करून टाका, इतक्या पक्क्या की त्यावर कुणी बोलायचं कारणच उरू नये. वर्गात आल्या आल्या काय करायचं, वह्या कुठून उचलायच्या, अडलं तर आधी स्वतःची वही बघायची मग बाकावरच्यांना विचारायचं आणि मगच मला, काम लवकर संपलं तर काय, आणि मी हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून गप्प व्हायचं. समास, पेनचा रंग, पान पलटणं हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा आणि कुणी विचारलं तर उत्तर न देता फक्त त्या कागदाकडं बोट करा. आणि या गोष्टी सांगून होत नाहीत, त्याची प्रॅक्टिस घ्यावी लागते. मी तीन दिवस गणित बाजूला ठेवून फक्त हात वर केला की गप्प होणं एवढंच घेतलं होतं, बोलायला लावायचे, हात वर करायचे, परत बोलायला लावायचे. शेजारच्या बाई म्हणाल्या अहो पोर्शन राहील, पण त्या तीन दिवसांमुळं वर्षभराचे किती तास वाचले हे मार्चमध्ये कळलं.

आपण कोल्हापूरची माणसं, तालीम आपल्याला सांगायला नको. पहाटे कधी उठायचं, किती जोर किती बैठका, आखाडा कुणी उकरायचा, खुराक काय, यातलं काही पोरगा ठरवत नाही, वस्ताद ठरवतो आणि त्यावर चर्चा नसते. पण खासबागेत कुस्ती लागली की वस्ताद कडेला. आत ढाक मारायची की पट काढायचा की घिस्सा, ते त्या क्षणी पोरगंच ठरवणार, वस्ताद आत उडी मारून त्याचा हात धरू शकत नाही. आणि त्या दिवसापर्यंत यायला वस्तादानं काय काय केलेलं असतं बघा, डाव आधी स्वतः हळू करून दाखवला, मग पोराचा हात धरून करून घेतला, मग बरोबरीचा जोड देऊन त्याच्यावर करायला लावला, मग गावच्या जत्रेतली छोटी कुस्ती, आणि मग कुठं मोठं मैदान. तुम्ही पोरांना पहिल्याच दिवशी खासबागेत उतरवलंत आणि हरल्यावर तालीमच बंद करून टाकली. वर्गातही असेच चार टप्पे ठेवा, मी करते तुम्ही बघा, आपण मिळून करू, तुम्ही तिघं करा, आता तू एकटा कर. एकेका धड्याला चारही टप्पे लागतील असं नाही, काही टप्पा दहा मिनिटांत उरकतो, काही ठिकाणी दोन आठवडे जातात.

तुमचाच पुराचा विषय घेऊन सांगते, कारण विषय तुम्ही अगदी बरोबर निवडला होता आणि तो सोडू नका. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज पेपरात येते. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पहिल्या आठवड्यात आलेखाचे अक्ष तुम्ही काढा, प्रमाण तुम्ही ठरवा, रोज परिपाठ झाल्यावर एक पोरगा आकडा वाचणार आणि सगळे आपापल्या वहीत एक बिंदू काढणार, बस. यात स्वातंत्र्य शून्य आहे आणि तसंच असू दे. दुसऱ्या आठवड्यात नवीन आलेख, या वेळी प्रमाण बाकावरच्या तिघांनी ठरवायचं. काहीजण एक सेंटीमीटरला एक फूट असं घेऊन शून्यापासून सुरू करतील आणि आलेख पानाबाहेर जाईल. जाऊ दे. तुम्ही सांगू नका, इथं गप्प बसणं हेच तुमचं काम, त्यांना पान चिकटवावं लागेल नाहीतर परत काढावा लागेल, आणि प्रमाण म्हणजे काय ते जन्मात विसरणार नाहीत. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक बाकानं एक प्रश्न काढायचा, जो या आकड्यांतून सुचलाय. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, बाई शहरात दोन दिवस ऊन पडलंय तरी पाणी वाढतंय का? या एका प्रश्नावर चार तास गेले. मग नकाशा काढला, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, प्रयाग चिखलीला एकत्र कशा येतात, पाऊस गगनबावड्याला आणि राधानगरीला पडतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की त्या पाण्याला शहरापर्यंत यायला वेळ लागतो, हे सगळं त्यांनीच शोधून आणलं, कुणी पेपरमधून कुणी भोगावतीकाठी शेती असलेल्या मामाला फोन करून. मी शिकवला असता तर तो धडा एका तासात संपला असता आणि परीक्षेनंतर कुणाच्या लक्षात राहिला नसता.

दोन गोष्टी मात्र इथं जपून. आकडे पेपरातूनच घ्यायचे, कुणीही पाणी बघायला घाटावर जायचं नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरात घर पाण्यात गेलेली पोरं वर्गात असणार, तेव्हा लहान असली तरी घरात ते बोलणं असतंच, एखादं पोरगं गप्प झालं तर त्याला बोलतं करायच्या मागं लागू नका.

आणखी एक, जे मला सगळ्यात जड गेलं. प्रश्न विचारल्यावर थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून तपासलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात असं निघालं, आणि जिथं शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकले तिथं पोरांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी पोरंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, उद्या वर्गात मनातल्या मनात मोजून बघा, घसा कोरडा पडतो. पण सांगू का की नको या प्रश्नावर माझा सगळ्यात मोठा उपाय हाच ठरला, पोरगा पान पलटू का म्हणाला की त्याच्याकडं बघून हसायचं आणि तीन मोजायचे. बहुतेक वेळा दोनलाच त्यानं पलटलेलं असतं.

आवाजाचं म्हणाल तर गटात काम करताना आवाज होणारच, प्रश्न कसला आवाज आणि किती एवढाच आहे. पोरांबरोबर तीन आवाज ठरवून घ्या, शेजाऱ्याच्या कानापुरता, बाकापुरता आणि वर्गापुरता, आणि प्रत्येक कामाआधी कुठला ते सांगा. हेडमास्तरांना तक्रार यायच्या आधी तुम्हीच वर्गात बोलवा, आज पोरं आलेख काढतायत जरा बघायला या म्हणून, आणि पोरांनाच त्यांना सांगू दे काय चाललंय. कुणी म्हणालंच की असं शिकवणं नियमात कुठं आहे, तर त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि बालकेंद्री शिकणं स्पष्ट लिहिलंय, हे शांतपणे सांगा. आणि याच कायद्यानं सहावी ते आठवीला एका शिक्षकामागं ३५ मुलं धरलीयत, तुमच्यापुढं ५४ आहेत. हे मी मुद्दाम लिहितेय कारण दमलेल्या शिक्षकाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. ५४ पोरांच्या वह्या रोज तपासून होणार नाहीत, रोज सहा बाकांच्या तपासा, म्हणजे तीन दिवसांत पूर्ण वर्ग.

बिघडेलच एखाद्या दिवशी, कागद फाटतील, मारामारी होईल. तेव्हा तुम्हाला स्वातंत्र्य झेपतच नाही असं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, पोरं ते खरं मानतात. त्या दिवसापुरतं काम थांबवा, पुस्तक उघडायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी जिथं बिघडलं नेमका तोच भाग परत शिकवा. गणित चुकलं तर आपण गणित बंद करत नाही, परत समजावतो.

हे सगळं बाहेरून आणलेलं फॅड आहे असं कुणी म्हणालं तर सांगा की याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि अनुभवातून शिकणं म्हणजे काय ते लहान पोरांसोबत करून दाखवलं. सातवीची पोरं तर मोठी आहेत.

प्रश्न : बाई, माझा मुलगा सहावीत आहे, आम्ही कसबा बावड्यात राहतो. यंदा नवीन वर्गशिक्षिका आल्यात त्या फळ्यावर उत्तरं लिहून देतच नाहीत, म्हणतात तुमच्या शब्दांत लिहा. गृहपाठाला तीन प्रश्न देतात त्यातला कुठलाही एक करून आणा म्हणतात. वह्यांत चुका असतात, त्या चुकांना लाल गोल न करता नुसती रेघ मारतात आणि शोध म्हणतात. आमच्या वेळी बाई लिहायच्या आम्ही उतरवायचो, वही कशी नीटनेटकी असायची. पुढं स्कॉलरशिप आहे, असंच चाललं तर हा मागं पडेल अशी भीती वाटते. मी रोज रात्री बसून त्याची वही परत नीट लिहून घेते, प्रोजेक्टही मीच करून देते. शाळेत जाऊन तक्रार करू का?

उत्तर : ताई, तक्रार करू नका, भेटायला जा. पालकसभेची वाट बघू नका, शाळा सुटताना दहा मिनिटं मागून घ्या आणि त्यांना विचारा की त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं तुम्ही कधी आणि कसं तपासता, आणि त्याला तीनपैकी नेहमी सोपाच प्रश्न निवडायची सवय लागलीय का. चांगल्या शिक्षिकेकडं या दोन्हीचं उत्तर तयार असतं. नसलंच तर तुमच्या प्रश्नामुळं त्या विचार करतील. तुमची काळजी अगदीच फुकटची आहे असं नाही, तुमच्या शब्दांत लिहा म्हणून सोडून द्यायचं आणि पुढं बघायचंच नाही, असं करणारेही असतात, मी पाहिलेत. पण चुकीखाली रेघ मारून शोध म्हणणारी बाई सोडून देणारी वाटत नाही. स्वतः बरोबर उत्तर लिहून देण्यापेक्षा यात तिला जास्त वेळ लागतो, कारण त्यानं शोधलेलं परत बघावं लागतं.

स्कॉलरशिपचंच घ्या. वरच्या इयत्तेच्या पेपरात काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. उतरवून घ्यायची सवय असलेलं पोरगं पहिला बरोबर पर्याय दिसला की गोल रंगवून पुढं जातं. जे पोरगं स्वतःची चूक स्वतः शोधायला शिकलंय ते चारही पर्याय तपासतं. त्या बाई नेमकी हीच सवय लावतायत.

आता घरचं, आणि हे थोडं कडक वाटेल. रात्री वही परत लिहून घेणं बंद करा. शाळेत त्याला शोध म्हणतात आणि घरी आई उत्तर सांगते, मग तो शोधणार कशाला? दप्तर त्यानं भरायचं, वही विसरली तर गाडीला किक मारून शाळेत द्यायला जायचं नाही. एकदोनदा बोलणी खाईल, तुमच्या पोटात तुटेल, पण तिसऱ्यांदा रात्रीच दप्तर बघेल. प्रोजेक्ट वाकडातिकडा झाला तरी त्याचाच जाऊ दे, शिक्षकांना आईनं केलेला आणि दुकानातून आणलेला प्रोजेक्ट लांबूनच ओळखू येतो. एक गोष्ट मात्र ठरवून द्या आणि त्यात सूट नको, रोज अमुक ते अमुक वेळ अभ्यासाची, टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, तुम्हीही जवळच बसून तुमचं काहीतरी काम करा. त्या वेळात आधी गणित की आधी मराठी हे तो ठरवेल. आणि अडलं तर उत्तराऐवजी एवढंच विचारा, तुला इथपर्यंत काय कळलंय ते मला सांग. निम्म्या वेळा सांगता सांगताच त्याला सुटतं.

प्रश्न : मॅडम, मी पन्हाळा तालुक्यातल्या छोट्या शाळेवर आहे. सहावी आणि सातवी एकाच खोलीत, दोन्ही मिळून २१ मुलं आणि शिक्षक मी एकटा. स्वातंत्र्य वगैरे द्यायचं तर सोडाच, एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याचं काय करायचं हाच प्रश्न आहे.

उत्तर : सर, तुमच्याकडं तर स्वातंत्र्य दिल्याशिवाय चालणारच नाही, अर्धा वेळ एक वर्ग तुमच्याशिवाय असणारच. फळ्याचे दोन भाग करा, एका भागावर तुम्ही शिकवणार आणि दुसऱ्यावर त्या वर्गाचं वीस मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं. त्यात कालच्या धड्यावरचं एक नक्की जमणारं, एक डोकं लावायला लागणारं आणि शेवटी ज्याचं झालं त्यानं काय करायचं ते. आदल्या दिवशी न शिकवलेलं काहीही या वीस मिनिटांत ठेवू नका, तिथंच गडबड होते. आणि सातवीतल्या पोरांना आठवड्यातून एकदा सहावीला एखादं उदाहरण समजावू दे, मात्र दरवेळी हुशार तेवढीच नको, ज्याला ते गणित मागच्या वर्षी जमलं नव्हतं त्यालाच यंदा ते सांगायला लावा. त्याला ते कुठं अडतं हे बरोबर माहिती असतं. तुमच्याकडं २१ आहेत, प्रत्येक पोराशी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं एकटं बोलणं होऊ शकतं, हे शहरातल्या आमच्या वर्गांना कधी जमलं नाही.

प्रश्न : मॅडम मी आठवीत आहे. आमच्या सरांनी मला मॉनिटर केलंय. सर वर्गात नसले की मला फळ्याजवळ उभं राहून बोलणाऱ्यांची नावं लिहावी लागतात आणि सर आले की त्यांना शिक्षा होते. माझी बेस्ट फ्रेंड बोलत होती तिचं नाव मी लिहिलं नाही तर बाकीची म्हणाली तू पार्शालिटी करतेस, मग मी तिचं पण लिहिलं तर ती माझ्याशी बोलत नाही. मला मॉनिटर व्हायचं नाही पण सरांना कसं सांगू?

उत्तर : बाळा, तू काही चूक केलेली नाहीस. तुला जे काम दिलंय ते मोठ्यांनाही नीट जमणार नाही असं काम आहे, मैत्रिणींवर पहारा करायचं. आणि त्यात वर्गाचा अभ्यासही होत नाही, सगळे फळ्यावर कुणाचं नाव येतं तेच बघत बसतात.

सरांना मॉनिटर नको असं सांगण्याआधी एक करून बघ. मधल्या सुट्टीत एकटी जाऊन भेट, वर्गासमोर नको. म्हण की सर, नावं लिहिल्यामुळं वर्गात भांडणं होतायत आणि मला त्रास होतोय, त्याऐवजी तुम्ही यायच्या आधी मी फळ्यावर तारीख, धड्याचं नाव आणि कालच्या धड्यावरचा एक प्रश्न लिहून ठेवू का, सगळे तो वहीत सोडवतील आणि तुम्ही आलात की त्यावरून तास सुरू करता येईल. प्रश्न कुठला ते सर आदल्या दिवशी सांगतील किंवा तुम्हीच ठरवा. आणि हे काम दर आठवड्याला दुसऱ्या बाकाकडं द्या असंही सुचव, म्हणजे सगळ्यांना फळ्याजवळ उभं राहायला मिळेल. एवढं तोंडी सांगायला भीती वाटली तर चिठ्ठी लिहून दे, अक्षर चांगलं काढ. सर नाही म्हणाले तर घरी सांग, आईला नाहीतर बाबांना सरांना भेटायला ने, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तुझे सर हे वाचत असतील तर सर, पोरगी हिमतीची आहे, तिचं ऐकून घ्या.

आणि मैत्रिणीचं सांगते. उद्या डबा घेऊन तिच्याशेजारी जाऊन बस. मी तुझं नाव का लिहिलं ते खरं खरं सांग, सगळे पार्शालिटी म्हणत होते म्हणून लिहिलं आणि मला वाईट वाटलं. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू दे, परवा परत जाऊन बस, तिला आवडतं ते डब्यात घेऊन जा. काय झालं ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.